बालसंगोपन : तान्हुल्याची झोंप

घरांत तान्हें मूल निजलें कीं साऱ्या घराचा आवाज खालीं येतो. मोठीं माणसें पाऊल न वाजवितां चालतात, स्वयंपाकघरांतील भांडीं हलक्या हातानें ठेविलीं जातात, आणि दारीं आलेल्या पाहुण्यासही खुणेनेंच गप्प केलें जातें. मूल निजलें म्हणजे तें सुखरूप आहे अशी आपली समजूत असते, व बहुतेक वेळां ती खरीही ठरते. परंतु क्वचित् असें घडतें कीं, रात्रीं पोटभर दूध पिऊन निजलेलें, ताप ना खोकला असें मूल सकाळीं उठतच नाहीं. त्या घरावर जो घाला पडतो तो पडतोच. शिवाय ‘आईनें अंगाखालीं घेतलें असेल’, ‘दृष्ट लागली’, ‘पायगुणच तसा’ असे बोलही त्या दुःखी आईच्याच पदरीं येतात. म्हणून या अवघड विषयाचा आज शांतपणें विचार करावयाचा आहे.

एक वर्षाच्या आंतील मूल झोंपेंत दगावलें आणि सर्व तपासण्या करूनही कारण सांपडलें नाहीं, तर त्यास ‘अर्भकाचा आकस्मिक मृत्यु’ म्हणावें, अशी व्याख्या वैद्यांनीं ठरविली आहे. असे मृत्यु बहुधा दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांत होतात. त्यांचें मूळ कारण अद्याप पूर्ण उलगडलेलें नाहीं. परंतु मूल कसें व कोठें निजविलें जातें याच्याशीं त्यांचा निकट संबंध आहे, ही गोष्ट आतां निर्विवाद झाली आहे. पाश्चात्य देशांत एके काळीं डॉक्टरांच्याच सल्ल्यानें मुलांना पालथें निजवीत. पालथ्या मुलाचें नाक अंथरुणांत रुततें, आपलाच सोडलेला श्वास तें पुनः घेत राहतें, अंगांतील ऊब बाहेर पडत नाहीं, आणि श्वास कोंडला असतां दचकून जागें होण्याची जी उपजत शक्ति, तीही मंद होते. हें ध्यानांत आल्यावर १९९१ सालीं इंग्लंडांत व १९९४ सालीं अमेरिकेंत ‘मुलांना उताणें निजवा’ असा प्रचार सुरू झाला. अमेरिकेंत पुढील दहा वर्षांत असे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. नवें औषध नाहीं, यंत्र नाहीं. केवळ निजविण्याची पद्धत बदलली.

‘आम्ही तर पिढ्यान्पिढ्या पाळण्यांत मूल उताणेंच ठेवतों,’ असें येथें पुष्कळ आजीबाई म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरीं भारतीय उपखंडांतून जाऊन वसलेल्या कुटुंबांत हे मृत्यु शेजारच्या गोऱ्या कुटुंबांपेक्षां कमी आढळले. मूल उताणें निजविणें, त्याला आईच्याच खोलींत ठेवणें, आणि आईला धूम्रपानाची संवय नसणें, हीं त्यामागील कारणें अभ्यासकांनीं दाखविलीं आहेत. परंतु एवढ्यावरून निश्चिंत होणें बरें नव्हे. आपल्या घरांतील कांहीं रीति तान्ह्याला तारणाऱ्या आहेत, तशा कांहीं धोक्याच्याही आहेत. त्या निवडावयाच्या कोणीं आणि कशा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जामखेड तालुका हा सदैव अवर्षणाचा. अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव चौंडी याच तालुक्यांत आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें येथें ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. त्या सुमारास तेथील खेड्यांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं सुमारें १७६ मुलें पहिला वाढदिवस पाहत नसत. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका गांवोगांव नेमून पाहिल्या. पण परगांवची तरुण परिचारिका सांगते म्हणून सासूबाई आपली रीत सोडीनात. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी, आणि तिला शिकवावें, असें ठरलें. निवडलेल्या बायांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजांतील होत्या. त्या ठराविक दिवशीं जामखेडला येत, एकमेकींच्या अडचणी ऐकत, नवें शिकत, आणि परत जाऊन आपल्या भाषेंत तें घरोघर सांगत. गर्भिणीची देखभाल, स्वच्छ बाळंतपण, अंगावरचें दूध, जुलाबांत साखरमिठाचें पाणी, मुलांचें वजन, हे त्यांचे विषय होते. पुढील वीस-पंचवीस वर्षांत तेथील बालमृत्यूंचा आंकडा हजारीं तिसाच्या खालीं आला. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचें कार्य सर्व प्रकारच्या बालमृत्यूंविरुद्ध होतें. केवळ झोंपेपुरतें नव्हे. परंतु त्यांतील मर्म आपल्या विषयास तंतोतंत लागू पडतें. निजण्याची रीत ही दवाखान्यांत बदलत नाहीं. ती माजघरांत बदलते, आणि तिथें शब्द चालतो तो आपल्या माणसाचा. न्यूझीलंडांतही हाच अनुभव आला. तेथील माओरी समाजांत हे मृत्यु अधिक होत. २००६ च्या सुमारास त्या समाजांतील डॉक्टर व विणकर स्त्रियांनीं आपल्या परंपरेच्या गवती विणकामाची एक लहानशी परडी बनविली. आईच्या अंथरुणावरच ती ठेवावयाची. त्यामुळें बाळ आईजवळही राहतें आणि त्याची जागाही वेगळी राहते. परंपरेशीं भांडण न करितां तिच्यांतच सुधारणा करण्याचा हा उत्तम नमुना होय.

आतां आपल्या माजघरांत येऊं. पहिली गोष्ट म्हणजे बाळास प्रत्येक झोंपेला, दिवसां असो वा रात्रीं, पाठीवरच निजवावें. ‘उताणें ठेवलें तर ओकारी नरड्यांत जाईल’ ही भीति सार्वत्रिक आहे. परंतु उताणें असतां श्वासनलिका वर व अन्ननलिका खालीं राहते. त्यामुळें वर आलेलें दूध श्वासनलिकेंत सहजासहजीं शिरत नाहीं. जागें असतां, कोणी समोर बसून पाहत असतां, थोडा वेळ पालथें खेळविणें मात्र हिताचें आहे.

दुसरी गोष्ट अंथरुणाची. तें सपाट व घट्ट असावें. डोकें गोल व्हावें म्हणून केलेली मोहरीची उशी, भोंवतालचे लोड, कापडी बाहुल्या, जाड गोधडी हें सारें पाळण्यांतून काढून ठेवावें. कापडी झोळींत मूल वांकडें होऊन हनुवटी छातीवर टेकते व कापड तोंडाशीं येतें. यासाठीं रात्रीच्या झोंपेला ती नको, आणि दिवसां वापरल्यास नजरेआड नको. दुपट्यांत घट्ट गुंडाळण्याची रीत मूल कुशीवर वळूं लागतांच बंद करावी. गळ्यांतील काळा दोरा व मण्यांची माळ निजवितांना काढावी.

तिसरी गोष्ट हवेची व उबेची. बंद खोलींत बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी आणि वर ओवा-शेपांची धुरी, हा बाळंतिणीच्या खोलींतला जुना प्रकार आतां सोडलाच पाहिजे. कोळशाचा वायु डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळत नाहीं, आणि प्राण घेतो. फार कपडे, कुंची, मोजे घालून घामाघूम झालेलें मूलही धोक्यांत असतें. घरांत विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांनीं तें व्यसन मुलासाठीं तरी टाकावें. आणि गर्भारपणीं मशेरी लावणाऱ्या स्त्रीच्या बाळाचें वजन कमी भरतें हेंही विसरूं नये. मूल रडूं नये म्हणून अफूची बाळागोळी देण्याची चाल एके काळीं मुंबईच्या गिरणी-कामगारांत सर्रास होती. आज कोणतेंही गुंगीचें औषध डॉक्टरांवांचून तान्ह्याच्या तोंडीं जातां कामा नये.

चौथी गोष्ट शेजेची. निदान सहा महिने बाळ आईच्याच खोलींत असावें, पण शक्यतों आपल्या स्वतंत्र जागीं. कोचावर वा आरामखुर्चीवर मूल कवटाळून झोंपी जाणें फार धोक्याचें. अंगावरच्या दुधानें हा धोका कमी होतो, हें तर आईला बळ देणारें आहे.

सरकारी योजनेप्रमाणें दवाखान्यांत जन्मलेल्या बाळाच्या घरीं आशाताई ४२ दिवसांत सहा भेटी देतात. पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यांत. म्हणजे ज्या काळांत झोंपेंतील मृत्यूचा धोका सर्वांत अधिक, त्याच काळाच्या आरंभीं कांहीं आठवडे बाहेरचें कोणी येत नाहीं. तेव्हां पहारा घराचाच. एकत्र कुटुंबांत तो ठेवणें सोपें आहे, कारण पाहणारे डोळे अनेक असतात. आणि अवघडही आहे, कारण निजविणारे हात अनेक असतात. आई उताणें ठेवते आणि आत्याबाई मायेनें पालथें करून थोपटतात, असें झालें तर उपयोग काय? जें मूल एरवीं पाठीवर निजतें, त्याला एकदांच पालथें ठेवणें अधिकच धोक्याचें ठरतें. म्हणून नियम सर्व घराचा असावा, आणि तो सांगण्याचा मान घरांतील वडील स्त्रीनें घ्यावा.

यासाठीं आमची एक सूचना आहे. बारशाच्या दिवशीं आळीतल्या साऱ्या बायका पाळण्याभोंवतीं जमतात. त्याच वेळीं आजीनें पाळण्यांतील उशा, खेळणीं बाजूस काढून, बाळाला उताणें ठेवून, तसें कां ठेविलें तें चारचौघींना सांगावें. आहेर करणारींनीं मऊ लोडांऐवजीं एक सपाट, घट्ट गादी शिवून आणावी. जामखेडच्या निरक्षर बायांनीं जें गांवोगांव केलें, तें शिकल्यासवरल्या घरांनीं निदान आपल्या आळींत करण्यास कांहीं कठीण नाहीं.