बोहारणीला देण्याआधी

बोहारणीच्या गाठोड्यातून मी जुने लष्करी शर्ट वेचतो. मेजरच्या खांद्यावर मुकुट असेल तर शर्ट १९५० पूर्वीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. चिन्ह उसवलेलं असलं तरी खालचं कापड विटलेलं नसतं. बाहीवर तीन पट्ट्यांचा गडद ठसा दिसला की ओळखायचं, हवालदार!

आपलं अंबाजोगाई, निजामाच्या काळातलं मोमिनाबाद, ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. त्याच घोडदळाचा वारसा सांगणारी डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट १९६५ च्या भारत-पाक युद्धात असल उत्ताडला लढली. मला मात्र त्या छावणीचं एक बटणही मिळालेलं नाही, याचं फार वाईट वाटतं. म्हणून विनवतो, सासऱ्यांचा शर्ट भांड्यावर देताना चिन्हं उसवू नका. नाव, पलटण चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.