पेट्रोल वाचवणारा जिंकला: लास व्हेगासच्या शर्यतीचं गणित

आमच्या काष्टीत चुलत्यांकडे एक जुनी मोटरसायकल होती. तिला पेट्रोलचा काटा नव्हता. दौंडला जायचं म्हटलं की चुलते आधी टाकीला कान लावायचे, गाडी डावी-उजवीकडे हलवायचे आणि आतल्या खळखळाटावरून ठरवायचे, "पोचतंय." रस्त्यात गाडी अडखळली की कॉक रिझर्व्हवर, आणि वेग आपोआप चाळीसवर. ट्रॅक्टरच्या मागे लागले तरी ओव्हरटेक करायचे नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेतली एक मोटार शर्यत. त्या शर्यतीत जगातल्या अत्यंत निष्णात ड्रायव्हरांपैकी एकाने जवळपास हेच केलं, जिंकला, आणि तीन आठवड्यांनी वर्षाचा विजेता ठरला. यावरून इतका वाद झाला की विजेता ठरवायची पद्धतच बदलावी का, यावर चर्चा पेटली. २०२६ च्या हंगामासाठी ती पद्धत खरोखर बदलली. मोटार शर्यत कधी बघितली नसेल तरी हरकत नाही. यातलं गणित आपल्या ओळखीचंच आहे.

नेमकं काय झालं होतं?

तारीख २० ऑक्टोबर २०२४, ठिकाण लास व्हेगास. नास्कार कप मालिकेतली शर्यत. दीड मैलाच्या, म्हणजे साधारण २.४ किलोमीटरच्या अंडाकृती ट्रॅकवर २६७ फेऱ्या. एकूण अंतर ६४० किलोमीटरच्या पुढे.

दिवसभर सगळ्यात वेगवान होता ख्रिस्तोफर बेल. २६७ पैकी १५५ फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या टप्प्यात बेलसह बरेचसे पुढचे ड्रायव्हर इंधन घ्यायला थांबले. डॅनियल सुआरेझ आणि जोई लोगानो मात्र थांबले नाहीत. आहे त्या टाकीवर शेवट गाठायचा, असा त्यांचा डाव. सहा फेऱ्या उरल्या असताना लोगानोने सुआरेझला मागे टाकलं. मागून बेल ताज्या टायरवर झपाट्याने जवळ येत होता. रेषा ओलांडली तेव्हा दोघांत अंतर होतं ०.६६२ सेकंद. लोगानो पहिला, बेल दुसरा, सुआरेझ तिसरा.

म्हणजे ज्याच्याकडे वेग होता तो दुसरा आला, आणि ज्याने वेग जपून वापरला तो पहिला.

आधी टाकीचा हिशोब

स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून आणलेली, बदल न केलेली गाडी. नास्कारच्या सुरुवातीच्या काळात खरंच तसं होतं. आता फक्त बाहेरचं रूप फोर्ड, शेवरोले, टोयोटाच्या गाडीसारखं असतं. आत सगळं शर्यतीसाठी बनवलेलं: सुमारे ५.९ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, आणि लास व्हेगाससारख्या ट्रॅकवर ६७० अश्वशक्ती.

टाकी २० अमेरिकन गॅलनची, म्हणजे जवळजवळ ७६ लिटर. अॅव्हरेज? लिटरला साधारण दोन किलोमीटर. आपल्या बाईकच्या हिशोबात ऐकवत नाही. ७६ लिटरमध्ये दीडशे-एकशे साठ किलोमीटर, म्हणजे साठ-पासष्ट फेऱ्या. ६४० किलोमीटरसाठी मधे मधे थांबणं आलंच. प्रश्न एवढाच की शेवटचा थांबा कधी घ्यायचा, आणि त्यानंतर उरलेल्या फेऱ्या टाकीत बसतात की नाही.

जाता जाता एक गोष्ट. या गाड्या २०११ पासून १५ टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर धावतात. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना इथेनॉल काय हे सांगायला नको. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे मिश्रण वाढलं की एका टाकीत मिळणारी ऊर्जा थोडी कमी होते. मात्र मिश्रण सगळ्यांना सारखंच, त्यामुळे त्याचा कुणा एकाला फायदा नाही.

काटा नसलेली गाडी

आता गंमत. कोट्यवधी रुपयांच्या या गाडीत ड्रायव्हरसमोर पेट्रोलचा काटा नसतो. चुलत्यांच्या गाडीसारखंच!

मग कळतं कसं? इंधन भरायचा डबा भरण्याआधी आणि नंतर वजन करतात. फरक म्हणजे टाकीत गेलेलं इंधन. त्याला मागच्या फेऱ्यांनी भागलं की एका फेरीचा खर्च निघतो. वरून प्रत्येक संघाला इतर गाड्यांच्या अॅक्सिलरेटर, ब्रेक आणि स्टिअरिंगचा डेटाही दिसतो. समोरचा सरळ पट्ट्यावर पाय किती लवकर उचलतोय हे बघून तो किती इंधन वाचवतोय याचा अंदाज इंजिनिअर बांधतात.

तरीही हा अंदाजच. वळणावर टाकीतलं थोडं इंधन पंपाला ओढता येत नाही. डब्यातून थोडं सांडलेलं असू शकतं. एका फेरीच्या खर्चात दोन टक्क्यांची चूक झाली, तर साठ फेऱ्यांनंतर ती एका फेरीपेक्षा मोठी होते. आणि एक फेरी म्हणजे जिंकणं आणि ट्रॅकवर बंद पडणं यातला फरक.

वाचवायचं कसं?

समजा टाकी ६४ फेऱ्या पुरते आणि आपल्याला ७० काढायच्यात. (हे आकडे समजण्यासाठी धरलेत, त्या दिवशीचे नाहीत.) म्हणजे प्रत्येक फेरीत साधारण ९ टक्के कमी जाळायचं.

सोपा उपाय म्हणजे हळू चालवणं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. बाईकवर ५० ऐवजी ८० ने गेलात तर हवेचा विरोध अडीचपट होतो. उलट वेग ५ टक्के कमी केला तर हवेविरुद्ध खर्च होणारी ऊर्जा जवळपास १० टक्के वाचते. पण या ट्रॅकवर एक फेरी अंदाजे ३० सेकंदांची. पाच टक्के म्हणजे दर फेरीला दीड सेकंद. सत्तर फेऱ्यांत १०५ सेकंद गेले! असा सौदा कुणीच करणार नाही.

म्हणून जिथे वेळ कमी जातो आणि इंधन जास्त वाचतं, अशा जागा शोधतात. अशा तीन जागा आहेत.

पहिली: वळणाच्या आधी पाय लवकर उचलणं. वळणात वेग कमी करायचाच आहे. शेवटपर्यंत अॅक्सिलरेटर दाबून मग ब्रेक मारला, तर जाळलेलं पेट्रोल ब्रेकची उष्णता होऊन जातं. त्यापेक्षा थोडं आधी पाय काढा आणि गाडी आपल्या गतीने वळणात जाऊ द्या. वेळ थोडाच जातो, वाचतं बरंच.

दुसरी: पुढच्या गाडीच्या मागे राहणं. तिने हवा फाडलेली असते, आपल्याला विरोध कमी. चुलते ट्रॅक्टरच्या मागे राहायचे ते भीतीने. इथे ती युक्ती आहे. (हायवेवर ट्रकच्या मागे चिकटून हे करू नका. ब्रेक लागला तर वाचलेलं पेट्रोल कामाला येत नाही.)

तिसरी: अपघातामुळे पिवळा झेंडा असताना सगळे हळू चालतात, तेव्हा इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेणं. रस्त्यावर हेही नको. आपल्या नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की इंधन बहुतेक वेळा आपोआप थांबतं. उतारावर न्यूट्रल करून वेगळा फायदा होत नाही, धोका मात्र वाढतो.

थांबायचं की नाही?

हिरवा झेंडा असताना थांबलात तर पिट रोडवर वेगमर्यादा पाळा, थांबा, भरा, पुन्हा वेग घ्या. यात साधारण एका फेरीइतका वेळ जातो. समजा ३५ सेकंद. ७० फेऱ्यांवर वाटले तर फेरीला अर्धा सेकंद. म्हणजे इंधन वाचवताना तुमचं नुकसान फेरीला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी असेल, तर न थांबणारा जिंकतो. जास्त असेल तर थांबणारा. थांबणाऱ्याला ताजे टायर मिळतात ते या अर्ध्या सेकंदातच मोजायचे. मधेच पिवळा झेंडा आला तर मात्र सगळं गणित उलटं. तेव्हा थांबणं स्वस्त होतं.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. माहिती अपुरी, निर्णय परत घेता येत नाही, आणि घड्याळ चालू.

पण सगळ्यांनी हाच डाव का नाही खेळला?

इथे खरी गोष्ट सुरू होते. डाव फसला तर कुणाचं किती जातं, यावर ते अवलंबून होतं.

तेव्हाची पद्धत अशी: वर्षात ३६ शर्यती. पहिल्या २६ नंतर १६ ड्रायव्हर बाद फेऱ्यांत. तीन-तीन शर्यतींनंतर १६ चे १२, मग ८, मग ४. शेवटची एकच शर्यत, आणि त्या चौघांत जो पुढे तो वर्षाचा विजेता. आणि आठांच्या फेरीत एक जरी शर्यत जिंकली तरी थेट शेवटच्या चौघांत.

सुआरेझ आधीच बाद झाला होता. त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं. बेलकडे गुण चांगले होते, वेग होता. त्याने इंधन संपवून ट्रॅकवर बंद पडण्याचा धोका का घ्यावा? लोगानोसाठी मात्र एक विजय म्हणजे सगळं काही. गाडी बंद पडली असती तरी त्या फेरीतल्या दोन शर्यती हातात होत्या. जिंकला तर थेट अंतिम शर्यत. माझ्या मते त्याच्या संघाचा निर्णय धाडसी कमी आणि हिशोबी जास्त होता.

त्यात आणखी एक पदर. लोगानो आदल्या आठवड्यात बाद झालेला होता! शर्लटच्या शर्यतीनंतर अॅलेक्स बोमनची गाडी तपासणीत ठरलेल्या वजनापेक्षा हलकी निघाली. बोमन अपात्र ठरला, आणि लोगानो परत आत आला.

पुढे काय झालं? ३ नोव्हेंबरला मार्टिन्सव्हिलमध्ये शेवटच्या फेरीत बेलने गाडी भिंतीला घासत नेली. सुरक्षेच्या नियमानुसार त्याला दंड झाला आणि अंतिम चौघांतली जागा गेली. १० नोव्हेंबरला फिनिक्समध्ये लोगानो शर्यतही जिंकला आणि वर्षाचा किताबही. त्याचा तिसरा.

मग हे बरोबर झालं का?

लोगानोने त्या वर्षी ३६ पैकी ४ शर्यती जिंकल्या. पण त्याचा सरासरी क्रमांक होता १७.१. म्हणजे एरवी तो मधल्या गर्दीत असायचा. "हा कसला चॅम्पियन?" असं म्हणणारे बरेच होते.

दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. पहिली, लास व्हेगासची शर्यत. ती लोगानोने शंभर टक्के कमावली. कमी इंधनात वेगाने जाणं हेही ड्रायव्हिंगच. हाच डाव फसतो तेव्हा काय होतं, हे २०११ मध्ये शर्लटला दिसलं होतं. डेल अर्नहार्ट ज्युनिअर पहिल्या क्रमांकावर असताना शेवटच्या वळणावर त्याचं इंधन संपलं. केव्हिन हार्विक जिंकला, अर्नहार्ट सातवा. निर्णय तसाच होता, फरक फक्त थोड्याशा इंधनाचा. फसला की वेडेपणा आणि जमला की चातुर्य म्हणणं सोपं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्षभराचा किताब. तिथे प्रश्न लोगानोचा नाही, मोजपट्टीचा आहे. हे आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीवरून चटकन कळेल. पुणे-नगरकडच्या घाटात गाडा एकटा पळतो, घड्याळ चालतं, आणि सगळ्यात कमी सेकंदांचा गाडा घाटाचा राजा. तिथे दुसऱ्याच्या चालीवर काही ठरत नाही. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानात गट, सेमी फायनल, फायनल असतात. गटात कितीही जोरात पळाला तरी फायनलला ते धरत नाहीत. दोन्ही शर्यती खऱ्याच, पण दोन्हींत एकच जोडी जिंकेल असं नाही. नास्कारने वर्षभराच्या मेहनतीचा निकाल गट-फायनल पद्धतीने लावला, आणि लोकांना अपेक्षा होती घाटाच्या राजाची.

२०२६ पासून बाद फेऱ्या गेल्या. आता शेवटच्या दहा शर्यतींचे गुण एकत्र मोजून विजेता ठरणार. एक विजय मिळवून थेट पुढे जायची सोय नाही.

याचा इंधनाच्या डावावर काय परिणाम होईल? माझा अंदाज असा की डाव बंद होणार नाहीत, पण त्यांची किंमत बदलेल. गाडी बंद पडून तिसावा क्रमांक आला तर तो आता हिशोबातून पुसला जात नाही, दहाव्या शर्यतीपर्यंत सोबत राहतो. ज्याच्याकडे गुण आहेत तो अजून सावध होईल. मागे पडलेला मात्र अजूनही टाकीला कान लावून म्हणेल, "पोचतंय."

चुलते बहुतेक वेळा पोचायचे. दोनदा मात्र गाडी ढकलत आणली होती. ते दोन किस्से ते कधी स्वतःहून सांगत नाहीत.