‘या वयात सांधे दुखणारच!’

बाईचं दुखणं मनावर न घेण्याची खोड जुनीच. ती कॅन्सरच्या वॉर्डातही पोचली आहे. ट्रिपल निगेटिव्ह स्तनाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध द्यायला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. ज्यांना परवडतं त्यांना ते इथंही मिळतं. औषध जीव वाचवतं, त्याच्याशी आमचं भांडण नाही. पण ते घेणारी बाई “बोटं सुजलीत, सकाळी मूठ वळत नाही” म्हणाली की उत्तर तयार: पाळी गेली ना, या वयात सांधे दुखणारच!

न तपासता हे कुणी ठरवलं?

टी पेशी म्हणजे शरीराच्या पहारेकरणी. त्यांनी आपल्याच घरावर चालून जाऊ नये म्हणून त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. (तो शोधणाऱ्या तासुकु होन्जो यांना २०१८ साली नोबेल मिळालं, आणि ते योग्यच.) कॅन्सरची गाठ हाच ब्रेक दाबून त्यांना थोपवते, औषध तो सोडवतं. मग त्या गाठीवर तुटून पडतात, पण काहींच्या सांध्यांतही शिरतात. अशा रुग्णांच्या सांध्यांतल्या पाण्यात सीडी-८ जातीच्या मारक टी पेशी सापडल्या आहेत, एकेका पेशीपासून वाढलेल्या झुंडीच्या झुंडी. आणि नेहमीच्या संधिवाताच्या तपासण्या, आरए फॅक्टर नि अँटी-सीसीपी, यांतल्या बहुतेकांच्या निगेटिव्ह येतात. त्या तपासण्या मुळात दुसऱ्या आजारासाठी बेतलेल्या! तरी रिपोर्ट चांगला म्हणून बाईच खोटी ठरते.

बाईच का, असं कुणी विचारेल. हा सांधेदाह पुरुषांनाही होतो. पण अमेरिकेतल्या २३ हजारांवर रुग्णांच्या चाचण्यांची आकडेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत इम्युनोथेरपीच्या तीव्र दुष्परिणामांची शक्यता स्त्रियांमध्ये ४९ टक्क्यांनी जास्त दिसली. त्याच देशात १९७७ ते १९९३ मूल होऊ शकणाऱ्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवावं, असं सरकारी धोरण होतं. आधी मोजायचं नाही, मग म्हणायचं की तुमचं दुखणं मोजमापात बसत नाही.

पुष्कळ जणी गप्प बसतात ते वेगळ्याच भीतीनं: बोललं तर औषध बंद करतील. ही भीती घालवणं डॉक्टरांचं काम आहे. सौम्य दाह असेल तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या किंवा थोडं स्टिरॉइड देऊन इम्युनोथेरपी बहुधा चालू ठेवता येते. त्यानं भागलं नाही तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आहेत. अंगावर काढलं तर मात्र सांधा झिजू शकतो. इम्युनोथेरपी थांबवल्यावरही काही जणींची सूज महिनोन्महिने जात नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. औषध सुरू करण्यापूर्वी सांध्यांचीही माहिती द्या, तिच्या भाषेत. प्रत्येक डोसआधी विचारा: सकाळी हात किती वेळ आखडतात? पोळ्या लाटता येतात का, नळ पिळता येतो का? सूज दिसली तर संधिवाततज्ज्ञांकडे पाठवा आणि तिनं सांगितलेलं केसपेपरवर लिहा, तारखेसकट.