बिल्ले विकू नका, नोंद करा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील जर्मन माजी सैनिक संघटनांची पट्ट्याची बक्कले हौशी संग्राहक जगभर शोधत असतात. पण बक्कल कुणाला मिळाले नाही, हेही विचारले पाहिजे. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी सुमारे १२,००० ज्यू सैनिक मेले. तरी ‘श्टालहेल्म’ या मोठ्या संघटनेने ज्यूंना दार बंद केले. ‘आम्हीही लढलो’ हे सांगायला ज्यू सैनिकांनी १९१९ साली वेगळी संघटना काढली होती. नाझी राजवटीत १९३८ साली तीही संपवली गेली.

आपल्याला हे नवे नाही. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभारली, १९२१ साली मोडली. सुभेदार रामजींच्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसावे लागले. वर्दीने पेन्शन दिली, पाणवठा दिला नाही. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता.

सातारा-सांगलीच्या आपल्या वस्त्यांत आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत अशी पदके, बिल्ले, बक्कले असतील. भंगारवाला ती वजनावर नेतो, संग्राहक भावावर. दोघांच्याही हाती सैनिकाचे नाव-गाव पुसले जाते.

काही मित्र विचारतात, इंग्रजांच्या चाकरीचा अभिमान कशाला? आम्ही म्हणतो, अभिमानाचे राहू द्या, पुरावा तरी जपा. पदकाच्या कडेवर बहुधा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. ती वाचा, फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून विहारातल्या वहीत लिहा. आपला इतिहास आपण नोंदवला नाही, तर तो दुसऱ्याच्या कपाटात शोभेची वस्तू होईल.

जय भीम!