नावापुढचा ‘आर’



नोव्हेंबर जवळ आला की आपण आपल्या मृतांची नावे कागदावर लिहून मिस्सासाठी देतो. काही घरांच्या यादीत एखाद्या तारवटी पूर्वजाचे नाव असते. ‘बोटीवर गेला, परत आला नाही’, एवढीच त्याची कहाणी. गोव्यातले कितीतरी जण ब्रिटिश बोटींवर कुक, स्टुअर्ड म्हणून गेले. अशा पूर्वजांचा माग काढायला आता पतवंडे जुने दप्तर धुंडाळू लागली आहेत. आम्हाला याचा आनंदच वाटतो. मात्र जे सापडेल ते स्वीकारण्याची तयारी हवी.

लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात शाही नौदलाच्या नोंदी आहेत. 1873 पासून भरती झालेल्या खलाशांच्या सेवापटांत जन्मतारीख, जन्मगाव, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे गोंदण, जहाजांची नावे आणि वागणुकीचा शेराही मिळतो. त्याआधीच्या हजेरीपटांत नावापुढे नुसती अक्षरे असत. ‘डी’ म्हणजे जहाजावरून कमी केला. ‘डीडी’ म्हणजे मरण पावला. ‘आर’ म्हणजे पळाला.

‘डीडी’ निघाला तर घरचे रडतात आणि अभिमानाने सांगतात. ‘आर’ निघाला तर? तो कागद गुपचूप घडी करून ठेवावासा वाटतो.

आमच्या मते, तो ठेवू नये. सक्तीची भरती, थकलेला पगार आणि चाबकाचे फटके त्या काळी होतेच. शिवाय हजेरीला वेळेवर न पोहोचलेल्यालाही ‘आर’ लागत असे. कारकुनाने एक अक्षर लिहिले, कारण लिहिले नाही. न्याय करणारे आपण कोण?

योना संदेष्टा आठवा. देवाची आज्ञा टाळून तोही याफोच्या बंदरातून तार्शीशच्या जहाजात बसून पळाला. पवित्र शास्त्राने त्याचे पळणे लपवले नाही, आणि देवानेही त्याला सोडले नाही. मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना दाविदाचे पाप झाकले नाही. उरीयाच्या पत्नीचा उल्लेख तिथे आहेच.

म्हणून सापडेल ते खरेखुरे घरच्या वहीत लिहू या. शूरवीर हवा म्हणून मिस्सा देत नाही. आपला माणूस म्हणून देतो. पळालेल्याचे नाव यादीत सर्वांत आधी लिहावे. त्याच्यासाठी प्रार्थना करणारे आजवर कदाचित कोणीच नव्हते.