चोवीस गुरू आणि एक कानस

शीर्षक वाचून लगेच पान उलटू नका! प्रवचन करायचा माझा विचार नाही, आणि तेवढी लायकी तर नाहीच नाही.

माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मॉरल सायन्सच्या तासाला बायबलमधली नीतिसूत्रं असायची. त्यात आळशी माणसाला मुंगीकडे पाठवलंय. तिच्यावर ना मुकादम ना राजा, तरी ती सुगीत धान्य साठवते. मी ते पाठ केलं, दहापैकी दहा मार्क मिळवले. मुंगीकडे मात्र एकदाही बघितलं नाही.

गेल्या सुट्टीत आजी एकनाथी भागवत वाचत होती. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेला हा ग्रंथ. माझं मराठी यथातथाच, त्यामुळे ओव्या डोक्यावरून गेल्या. शेवटी आजीनेच गोष्ट सांगितली. यदुराजा एका अवधूताला विचारतो, तुझ्याकडे काही नाही, तरी तू इतका आनंदी कसा? अवधूत म्हणतो, मला चोवीस गुरू आहेत. आणि यादीत कोण? पृथ्वी, वारा, समुद्र, मधमाशी, कोळी, अजगर... शिवाय बाण घडवणारा एक कारागीर. हा कामात इतका गर्क की राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली, तरी त्याला पत्ताच नाही!

आजीने सहज विचारलं, "तुझे किती गं गुरू?"

मी गप्प. आपल्या लेखी गुरू म्हणजे डिग्रीवाला, नाहीतर टॉपर. तेवढ्यात वर्कशॉपचे मामा आठवले. फर्स्ट इयरला फिटिंगचा माझा जॉब दोनदा रिजेक्ट झाला होता. मामा शेजारीच असायचे, पण त्यांना विचारणं मला कमीपणाचं वाटायचं. माझ्याकडे इंग्रजी मॅन्युअल होतं ना! तिसऱ्या वेळी नाइलाजाने गेले. ते म्हणाले, "ताई, कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना सोडायची. मग गुण्या लावून उजेडाला धरा, फट दिसेल." जॉब पास झाला. नंतर बघते तर मॅन्युअलमध्ये हेच छापलेलं. वाचलं होतं, कळलं नव्हतं.

ग्रंथांचंही असंच आहे, असं मला वाटतं. काहीजण म्हणतात, सगळं विज्ञान आमच्या ग्रंथात आधीपासूनच आहे. मला हे पटत नाही. मार्को डोरिगो यांनी १९९२ च्या आपल्या पीएच.डी. प्रबंधात मुंग्यांवरून अल्गोरिदम मांडला. मुंगी वाटेवर गंध सोडते. जवळच्या वाटेवर फेऱ्या लवकर होतात, गंध दाट होतो, मग बाकीच्याही तिकडेच वळतात. मुकादम खरंच लागत नाही! पण हा गंध नीतिसूत्रांत कुठेच नाही. तिथे फक्त मुंगीकडे जायला सांगितलंय. जाऊन, वाकून बघायचे कष्ट कुणीतरी घेतले, म्हणून ते कळलं. नुसता ग्रंथाचा अभिमान बाळगणाऱ्याला वाकणं जमत नाही, आणि ग्रंथांना हसणाऱ्यालाही नाही.

असो. परवा रूमवर लाडवांच्या डब्याला मुंग्या लागल्या. खडू शोधण्याआधी पाच मिनिटं खाली बसले. बोटाने त्यांची वाट पुसली. जरा गोंधळ उडाला, मग रांग पुन्हा जुळली.

रात्री आजीला फोन करून सांगितलं, "दोन झाले. मामा आणि मुंगी."

बावीस बाकी आहेत. तुमचे किती झाले?