काटे गेले, पडदे आले. सराव कुठे आहे?

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात धो-धो पाऊस कोसळला आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. अडकलेल्या सुमारे ४५ जणांसाठी हवाई दलाची दोन एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर पाठवली जात असल्याचे सरकारने जाहीर केले. अशा वेळी गावकऱ्यांची नजर आभाळाकडे लागते. वैमानिकाची नजर मात्र बाहेरचे ढग आणि समोरचा यंत्रफलक यांत सतत फिरत असते. गेल्या काही वर्षांत तो फलकच पार बदलला आहे.

जुन्या एमआय-१७मध्ये गोल तबकड्या आणि काटे होते. २०१२मध्ये हवाई दलात रीतसर दाखल झालेल्या व्ही५मध्ये त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांची जागा चार मोठ्या पडद्यांनी घेतली. लष्कराची चीता आणि चेतक ही हेलिकॉप्टर आजही काट्यांचीच. नाशिकच्या लष्करी हवाई प्रशिक्षण शाळेत वैमानिकांच्या अनेक तुकड्या त्यांवर घडल्या. त्यांच्या जागी येण्यासाठी ‘एचएएल’ने बनवलेले हलके हेलिकॉप्टर पडद्यांचे आहे. म्हणजे एका पिढीला हाताची कला तीच ठेवून डोळ्यांची सवय बदलायची आहे.

हे वाटते तितके सोपे नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे ओझरते पाहिले तरी गाडीला किती वेळ उरला ते कळते; आकड्यांच्या घड्याळात मनातल्या मनात वजाबाकी करावी लागते. काट्याचेही तसेच. तो हिरव्या पट्ट्यात आहे की लाल रेषेकडे सरकतो आहे, हे आकडा न वाचता समजते. पडद्यावर वेग आणि उंची बहुधा सरकत्या उभ्या पट्टीवर दिसतात. शिवाय नकाशा, इंजिन, इंधन यांची माहिती एकाच पडद्यावर आलटूनपालटून आणता येते. त्यामुळे ‘आत्ता समोर काय दिसते आहे’ हेही ध्यानात ठेवावे लागते. वर्षानुवर्षे फिरलेली नजर घाईच्या क्षणी जुन्याच जागी जाते आणि तिथे तो काटा नसतो.

म्हणून काटेच बरे होते, असे मात्र नाही. अमेरिकेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७मध्ये यंत्रे वाचताना वैमानिकांकडून झालेल्या २७० चुका तपासल्या. तीन काट्यांचा उंचीमापक चुकीचा वाचणे, ही त्यांतली ठळक चूक होती. ढगात शिरल्यावर बाहेरचे काही दिसत नाही आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी इंद्रिये सपशेल फसतात. हेलिकॉप्टर कलते असतानाही ते सरळ असल्याची खात्री वाटते. तेव्हा मोठ्या पडद्यावर स्पष्ट दिसणारे क्षितिज जीव वाचवू शकते.

पण केवळ पडदा बसवून सुरक्षितता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१०मध्ये छोट्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघातांचे प्रमाण कमी निघाले. जीवघेण्या अपघातांचे प्रमाण मात्र जुन्या फलकांच्या विमानांपेक्षा जास्त होते. ही विमाने लांबच्या प्रवासाला आणि खराब हवेत अधिक वापरली जात, हेही त्यात नोंदले होते. तरी मंडळाचा भर होता तो प्रशिक्षणावर: त्या-त्या यंत्रणेचा सराव, आणि ती बिघडली तर काय करायचे याचाही.

त्यात शरीराच्या मर्यादांची भर पडते. चाळिशीनंतर जवळचे बारीक अक्षर धूसर होते. अंधाराला डोळा पुरता सरावायला सुमारे अर्धा तास लागतो आणि प्रखर पडदा तो सराव क्षणात मोडतो. त्यामुळे रात्री पडद्याचा उजेड किती ठेवायचा, हाही शिकण्याचाच भाग आहे.

या सरावासाठी आभासी उड्डाणयंत्रासारखे साधन नाही. पडदा अचानक काळा पडणे किंवा चुकीची माहिती दाखवणे, याची तालीम जमिनीवर बसून जिवाला धोका न पत्करता करता येते. बंगळूरुला ‘एचएएल’ आणि कॅनडाच्या ‘सीएई’ने मिळून उभारलेले असे केंद्र आहे. पण अशी तालीम महाग असते, आणि खर्चाला कात्री लागली की पहिली गदा तिच्यावरच येण्याची भीती असते.

निवडणुकीत यवतमाळसारख्या जिल्ह्यांत गावोगावी हेलिपॅड आखले जातात, भाड्याची हेलिकॉप्टर घिरट्या घालतात. पुरात तर क्षणाचाही अवधी नसतो. तेव्हा हेलिकॉप्टर मागवणाऱ्या सरकारने आणि पक्षांनी वैमानिकाचे एकूण उड्डाणतास विचारून थांबू नये. त्यांतले किती तास याच फलकासमोर गेले आणि पडदे बंद पडल्याची तालीम शेवटची कधी झाली, हेही विचारावे. नवी यंत्रे खरेदी करताना सरावाचा खर्च त्यांच्या किमतीतच धरला पाहिजे. पडदा एका दिवसात बदलता येतो. वर्षानुवर्षांची नजर बदलायला वेळ द्यावाच लागतो.